मृगातील तेजोमेघाचा तांबडा रंग जातो कुठे?

प्रश्न : साताऱ्याजवळच्या आमच्या गावातून मी १३० मिलिमीटर व्यासाच्या परावर्ती दुर्बिणीला डीएसएलआर कॅमेरा जोडून मृग नक्षत्रातील तेजोमेघाची प्रत्येकी ६० सेकंदांची २० छायाचित्रे घेतली आणि ती संगणकावर एकत्र केली. तारे गोल आले. पण तेजोमेघाचा मध्यभाग पांढराफटक पडला आहे आणि तांबड्या रंगाऐवजी फिकट जांभळी छटा दिसते. एक्स्पोजर (प्रत्येक छायाचित्राचा अवधी) वाढवावे का?

उत्तर : ६० सेकंदांत तारे गोल राहिले, याबद्दल प्रथम आपले मनापासून अभिनंदन. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश सेकंदाला सुमारे १५ विकला (अंशाचा ३६००वा भाग म्हणजे एक विकला) सरकते; त्यामुळे आकाशाबरोबर फिरणाऱ्या आपल्या दुर्बिणीच्या बैठकीचा अक्ष ध्रुवाशी नीट जुळवला असल्याशिवाय हे साधत नाही, आणि साताऱ्याहून ध्रुवतारा जेमतेम १८ अंशांवर, बहुधा क्षितिजाजवळच्या धुरकट हवेत असतो.

एक्स्पोजर मात्र वाढवू नये, कारण त्याने पांढरा डाग आणखी पसरेल. तेजोमेघाच्या मधोमध चार तेजस्वी ताऱ्यांचा लहानसा चौकोन आहे. त्याच्या भोवतीचा वायू कडेच्या पिसाऱ्याहून कितीतरी पटींनी उजळ असतो आणि एकदा प्रकाशाने काठोकाठ भरलेल्या पिक्सेलमधला तपशील नंतर कोणत्याही प्रक्रियेने परत मिळत नाही. म्हणून त्याच रात्री ५ आणि १५ सेकंदांच्या छायाचित्रांचे वेगळे संच घ्यावेत आणि मध्यभाग त्यांतून उचलून मोठ्या चित्रावर बसवावा. चौकोनातले चारही तारे सुटे दिसू लागले, की जमले असे समजावे.

तांबडा रंग न उमटण्याचे कारण कॅमेऱ्यातच आहे. तो रंग हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचा असतो आणि दिवसा रंग नैसर्गिक दिसावेत म्हणून संवेदकापुढे (कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या भागापुढे) बसवलेली गाळणी नेमका त्याचाच बराचसा भाग अडवते. गाळणी काढून घेता येते. पण मग दिवसाची छायाचित्रे तांबूस येतात, म्हणून घरातल्या एकुलत्या एक कॅमेऱ्यावर हा प्रयोग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याआधी छायाचित्रांची संख्या वाढवावी. संख्या चौपट केली की चित्रातला रवा (दाणेदार खरखर) निम्म्यावर येतो; २० ऐवजी ८० छायाचित्रे घेतल्यास गाळणीतून निसटलेला तांबडा प्रकाशही वर काढता येतो. १८८० साली अमेरिकी खगोलछायाचित्रकार हेन्री ड्रेपर यांनी याच तेजोमेघाचे पहिले छायाचित्र ५१ मिनिटांच्या एक्स्पोजरने घेतले होते. आपला एकूण अवधी अजून २० मिनिटांचाच आहे.