घोट्यातला नर्व्ह सिस्ट: ऑपरेशन पुण्यात करून यावं की जर्मनीत?

तुम्ही विचारलंय की तीन महिन्यांनी स्टुटगार्टला जॉइन व्हायचंय, घोट्याच्या आतल्या बाजूला गाठ आहे, तळपायाची आग होते, एमआरआयमधे टिबियल नर्व्हमधे (तळपायाकडे जाणारी नस) गँग्लियन सिस्ट (चिकट पाण्याने भरलेली गाठ) दिसलाय, तर ऑपरेशन पुण्यात उरकून यायचं की इकडे आल्यावर. मी इथेच राहते आणि मला हेच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कुठे करायचं ते नंतर. आधी सर्जनना विचारा की सिस्ट नर्व्हला बाहेरून दाबतोय की नर्व्हच्या आतच आहे, आणि आत असेल तर कुठल्या जॉइंटमधून आलाय. माझं पहिलं ऑपरेशन भारतातच झालं, सिस्ट रिकामा केला, मुंग्या थांबल्या आणि वर्षाच्या आत परत तेच, रात्री पांघरूण लागलं तरी पाय झटकायचे. कारण आतल्या सिस्टचं पाणी मुळात जॉइंटचं असतं, नर्व्हची एक बारीक फांदी जॉइंटकडे जाते तिच्यातून ते नर्व्हमधे चढत राहतं (घोट्यात बहुतेक वेळा टाचेच्या वरच्या सबटेलर जॉइंटमधून). अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. रॉबर्ट स्पिनर यांनी 2003 मधे गुडघ्याजवळच्या पेरोनियल नर्व्हबद्दल (पायाच्या बाहेरच्या बाजूची नस) हे मांडलं. ती फांदी न कापता नुसता सिस्ट काढणं म्हणजे मोटर चालू ठेवून टाकी रिकामी करणं.

दुसऱ्या ऑपरेशननंतर इथल्या सर्जननी फोटो दाखवला, नर्व्ह करंगळीएवढी फुगलेली आणि तिच्यातून जॉइंटकडे जाणारा पांढरा दोरा, त्यातही तोच पारदर्शक चिकट जेलीसारखा पदार्थ. तो दोरा बांधून कापला, नर्व्हला छोटी चीर देऊन जेली बाहेर काढली, सिस्टची भिंत मात्र खरवडली नाही कारण चांगले तंतू तिलाच चिकटलेले असतात. सुईने पाणी काढून बघू असं कोणी म्हणालं तर नको म्हणा, तिथे नर्व्ह आणि रक्तवाहिनी अगदी शेजारी असतात आणि गाठ बहुतेक वेळा परत भरते.

आता जर्मनी. सरकारी हेल्थ इन्शुरन्समधे जुना आजारही पहिल्या दिवसापासून कव्हर होतो, हॉस्पिटलमधे दिवसाला 10 युरो भरावे लागतात (वर्षात जास्तीत जास्त 28 दिवसांचे). व्हिसासाठी काढतात त्या ट्रॅव्हल पॉलिसीवर मात्र विसंबू नका, जुना आजार त्यात सहसा नसतो. अडचण अपॉइंटमेंटची, आधी हाउसआर्त्स्ट म्हणजे फॅमिली डॉक्टर, त्यांची चिठ्ठी, मग स्पेशालिस्ट, मग एमआरआय, यात महिने जातात, 116117 वर (अपॉइंटमेंट मिळवून देणारी हेल्पलाइन) फोन केला तर थोडं लवकर जमतं. आणि नोकरी नवीन, आजारपणात कंपनी सहा आठवडे पगार देते पण पहिल्या चार आठवड्यांत तो हक्क लागू नाही, शिवाय प्रोबेशनमधे दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढू शकतात. त्यात हे गाव सगळं चढउताराचं, जागोजागी दगडी जिने (इथे श्टेफेले म्हणतात) आणि जुन्या बिल्डिंगांना लिफ्ट नाही, कुबड्या घेऊन नवीन घर शोधणं फार त्रासाचं.

म्हणून मी म्हणेन, नर्व्हच्या ऑपरेशनचा खरा अनुभव असलेले सर्जन पुण्यामुंबईत मिळत असतील आणि ते फांदीबद्दल स्वतःहून बोलत असतील तर येत्या दोनतीन आठवड्यांत करून घ्या. टाके निघून पाय टेकवेपर्यंत वेळ जातोच, आणि पायाच्या ऑपरेशननंतर लगेच लांबचा विमानप्रवास नको, रक्ताच्या गुठळीची भीती असते, तारीख सर्जननाच विचारून तिकीट काढा. तसे सर्जन नाहीच मिळाले तर घाईत कोणाकडूनही करू नका, इकडे या. पण तळपाय बधिर होत चाललाय किंवा बोटं फाकवता येत नाहीत असं असेल तर नोकरीची तारीख पुढे ढकला, नर्व्ह दिवसाला साधारण 1 मिलिमीटरच वाढते, उशीर झाला की स्नायू हातचे जातात.

येताना एमआरआयची सीडी आणा, नुसता रिपोर्ट इथे चालत नाही. नर्व्ह कंडक्शनचा (नस कितपत काम करते त्या तपासणीचा) रिपोर्ट आणि ऑपरेशन झालंच तर इंग्रजीत ऑपरेशन नोट पण घ्या, जॉइंटची फांदी कापली का हे त्यात स्पष्ट लिहून मागा, डिस्चार्ज कार्डवर ते सहसा नसतं.