आधी चेसिस नंबर, मग पॉलिश पेपर

प्रश्न: वडिलांची १९८६ सालची महिंद्रा जीप बरीच वर्षं अंगणात उभी आहे. वडील २०१९ मध्ये वारले. आता मी, धाकटा भाऊ आणि माझा १६ वर्षांचा मुलगा मिळून ती घरीच दुरुस्त करतोय. इंजिन जॅम आहे, भाऊ म्हणतो दुसऱ्या जुन्या जीपचं बसवू. आरसी वडिलांच्याच नावावर असून मुदत २०११ मध्येच संपली. घरी आई आहे, बहीण सासरी असते. पुढे कायद्याची अडचण येईल का?

उत्तर: स्वतःची गाडी घरी खोलायला कोणाची परवानगी लागत नाही. पण आज संध्याकाळीच चेसिसवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, ठोकलेला नंबर शोधा. तो बहुधा गंजाखाली आणि जुन्या रंगाच्या थरांखाली दडलेला असेल. तिथे ग्राइंडर अजिबात लावू नका. रॉकेलच्या बोळ्याने हलक्या हाताने पुसा, वर कागद धरून पेन्सिल घासा आणि उठलेला ठसा आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आरटीओतही असाच ठसा मागतात. हौसेने सगळं घासून चकचकीत केलेली आणि नंबर गमावलेली गाडी चोरीची नाही, हे मग तुम्हालाच सिद्ध करत बसावं लागतं.

आता मालकी. मृत्युपत्र नसेल आणि तुम्हाला हिंदू उत्तराधिकार कायदा लागू असेल, तर या जीपमध्ये आई, तुम्ही, भाऊ आणि बहीण यांचा सारखा वाटा आहे. खर्च तुम्ही दोघांनी केला म्हणून बहिणीचा हक्क जात नाही. म्हणून आणखी पैसे घालण्याआधी तिच्याशी बोला. गाडी एकाच्या नावावर करायला बाकीच्यांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागेल. वारसाने गाडी आपल्या नावावर करायला नमुना ३१ चा अर्ज मृत्यूनंतर तीन महिन्यांत करायचा असतो. ती मुदत गेली, त्यामुळे दंड भरावा लागेल, पण हक्क बुडत नाही. नोंदणीचं नूतनीकरण पाच वर्षांसाठी होतं. त्याआधी मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासतो, म्हणजे ब्रेक, दिवे, स्टिअरिंग ठाकठीक हवेत. जुन्या गाड्यांवर लागणाऱ्या पर्यावरण कराची तरतूदही ठेवा.

इंजिनाच्या बाबतीत भावाला थोडं थांबवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत मनाजोगा बदल करता येत नाही. इंजिन बदललं तर आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. आधी मंजुरी घेतली नसेल तर बदलानंतर १४ दिवसांत कळवायचं. त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन घ्या, बिल आणि मूळ गाडीचे कागद घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. माझं मत विचाराल तर जुनंच इंजिन बोअर करून, म्हणजे त्याचे सिलिंडर आतून नव्याने घासून, घ्या. २०३६ मध्ये ही जीप पन्नाशी ओलांडेल. चेसिस, बॉडी, इंजिन मूळचं राहिलं तरच तिला व्हिंटेज, म्हणजे जुन्या जतन केलेल्या गाड्यांची, नोंदणी मिळू शकेल.

मुलाचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. जीप सुरू झाली की पहिला तोच चावी मागेल. त्याला शेताकडच्या पाणंद रस्त्यावरही चालवू देऊ नका. तो रस्ता लोकांच्या वहिवाटीचा असेल, तर कायद्याने ती सार्वजनिक जागाच. अल्पवयीन मुलाने तिथे गाडी चालवून गुन्हा केला तर कलम १९९अ खाली पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, शिवाय गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. त्यात थर्ड पार्टी विमा नसताना कोणाला धक्का लागला, तर भरपाई तुमच्याच घरातून जाईल. नोंदणीचं नूतनीकरण आणि विमा होईपर्यंत ट्रायलसुद्धा अंगणातच घ्या.