बाबा पुढच्या वर्षी राज्य सरकारच्या नोकरीतून रिटायर होतायत. 40 टक्के पेन्शन विकावी का? 15 वर्षांनी ती खरंच परत पूर्ण होते का?

होते. विकायची म्हणजे पेन्शनचा तेवढा भाग सोडून त्याचे एकरकमी पैसे घ्यायचे, मग दरमहा तेवढी कपात होते. ती कपात सुरू झाल्यापासून 15 वर्षं मोजायची. ती तारीख पीपीओच्या, म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डरच्या, झेरॉक्सवर लिहून ठेवा, आयत्या वेळी कुणाला आठवत नाही.

विकावी का, तर कर्ज असेल तर हो. आणि हे एवढ्या ठामपणे सांगतेय ते आमच्या धाकट्या दिरांमुळे. आमच्या ह्यांनी रिटायर झाल्यावर पूर्ण 40 टक्के विकली, घराचं कर्ज एका फटक्यात मिटवलं. तेव्हापासून दिरांचं एकच पालुपद, दादाने पेन्शन विकली, उद्या काही झालं तर वहिनी काय खाणार. लग्न असो, बारसं असो, विषय तोच. काही वर्षांतच हे गेले, तर तेराव्याला आलेल्या माणसांसमोरसुद्धा म्हणाले की आता वहिनीला तुटपुंजीच मिळणार.

अहो, फॅमिली पेन्शन शेवटच्या बेसिक पगारावर ठरते, विकलेल्या भागाशी तिचा काडीचा संबंध नाही! आणि माणूस गेला की कपात तिथेच संपते, राहिलेले हप्ते सरकार बायकोकडून वसूल करत नाही. ह्यांच्या हातात कपात होऊन जे यायचं त्यापेक्षा सुरुवातीला मलाच जास्त यायला लागलं, कारण पहिली काही वर्षं फॅमिली पेन्शन वाढीव दराने मिळते. पुढे त्या वाढीव दराची मुदत संपली, फॅमिली पेन्शन बेसिकच्या 30 टक्क्यांवर आली, की दीर परत हजर, बघा मी म्हणत होतो ना. न विकता गेले असते तरी 30 टक्केच झाली असती, पण ऐकतो कोण.

हिशोब म्हणाल तर महिन्याला 40 हजार पेन्शन असेल तर 16 हजार विकायचे, 58 ला रिटायर होणाऱ्याला त्याच्या वर्षाच्या रकमेच्या 8.371 पट मिळतात, म्हणजे सोळा लाख सात हजारांच्या आसपास हातात, त्यावर टॅक्स नाही. 15 वर्षांत कापले जातात 28 लाख 80 हजार. हा दुसरा आकडा दिरांना तोंडपाठ, पण तेवढी वर्षं कर्जाचं व्याज भरलं असतं ते दिरांच्या हिशोबात कधी येतच नाही. शिवाय महागाई भत्ता मूळ पूर्ण पेन्शनवरच मिळत राहतो.

आता, बाबांवर कर्ज नसेल आणि पैसे नुसते एफडीत पडून राहणार असतील तर मात्र विकू नका, ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे वेगळे येणारच आहेत. आणि हे सगळं 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी नोकरीला लागलेल्यांचं, नंतरच्यांचं गणित वेगळं. विकायचीच असेल तर रिटायर झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज द्या, मग मेडिकल लागत नाही.

काका-मामा मध्ये बोलायला लागले तर 1982 चे पेन्शन नियम त्यांच्या हातात ठेवा. आमच्या दिरांना मी पुस्तकच आणून दिलंय, अजून उघडलेलं नाही.