आरक्षण असूनही कोकणात बायका राजकारणात मागे का?

खुर्ची मिळाली, हे खरं. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींच्या निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत. पण आमच्या गुहागरकडे घरधनी मुंबईला. शेत, गुरं, म्हातारी माणसं सगळं बाईवर. ग्रामसभा ऐन लावणीत ठेवली तर ती चिखलातून उठून येणार कशी? मी पाहिलंय, सरपंचबाई नुसत्या सही करतात, बोलतो शेजारी बसलेला दीर. ग्रामसेवकही कागद आधी त्याच्याच पुढ्यात सरकवतो!

वर गेलं की पैसा नि घराणं लागतं. विधानसभेचं ३३ टक्के आरक्षण २०२३ मध्ये मंजूर झालं, पण जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधलेलं. ग्रामसभेआधीची महिला सभा मात्र कायद्यातच आहे. ती कागदावर उरकू देऊ नका, तिथे बायका मोकळं बोलतात.