ओटी की मानधन?

प्रश्न : बाई, मी 41 वर्षांची आहे. लग्नाआधी गायनात विशारद झाले. बघायला आले तेव्हा ‘काहीतरी म्हणून दाखव’ म्हणाले, मी अभंग म्हटला आणि लग्न ठरलं. सासूबाई अजूनही पाहुण्यांना सांगतात, ‘आमची सून गाते हं!’ पण सोळा वर्षांत मी घराबाहेर गायलेले नाही. यंदा दत्तजयंतीला गल्लीतल्या मंडळानं रात्री पाऊण तास गायला बोलावलंय. यजमान म्हणाले, ‘दोन बाळंतपणं झाली, आता या अंगानं स्टेजवर बसणार? घरात म्हण की.’ दीर तबला वाजवतात, त्याच उत्सवात दरवर्षी बसतात. त्यांच्या पोटाबद्दल कुणी बोलत नाही. त्यांच्या रियाजाला चहा मीच नेऊन देते. शिवाय माझा आवाज आता तार षड्जाला, वरच्या ‘सा’ला, फाटतो. गावं का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आधी आवाजाचं बघू, ते सोपं आहे.

विशारदला तुम्ही काळी पाचला, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पाचव्या काळ्या पट्टीला ‘सा’ धरून, गात असणार. क्लासातल्या विशीच्या मुलींना सरसकट तीच पट्टी देतात. बाळंतपणं, वय, वर शिवाय सोळा वर्षांचा खंड, एवढं झाल्यावर आवाज थोडा खाली येतो. काळी चार लावून बघा. तिथंही ओढाताण झाली तर पांढरी पाच. पहिला महिना वर जाऊच नका, पहाटे नुसता खर्ज, खालचे सूर, लावा, वीस मिनिटं. पंधराव्या वर्षी मुलाचा आवाज फुटतो तेव्हा सगळं घर हसून म्हणतं, ‘मोठा झाला.’ बाईचा दोन स्वर उतरला की ‘गेला’. गंगूबाई हनगलांचा आवाज तरुणपणी चांगला उंच, बारीक होता. टॉन्सिलच्या उपचारांनंतर तो भरदार, जवळजवळ पुरुषी झाला. आज आपण ज्या गंगूबाई ऐकतो त्या या दुसऱ्या आवाजातल्या.

आता ‘या अंगानं’. हे वाक्य वाचून मला तुमच्या यजमानांचा राग यायला हवा होता, आला तो माझाच. 1988 साली आमच्या क्लासाच्या स्नेहसंमेलनात एक अंगानं भरलेली मुलगी होती. तिच्याइतकी तयार तान दुसऱ्या कुणाची नव्हती. मी तिला मागं तंबोऱ्यावर बसवलं आणि जिला मध्यलयीत समेवर धड येता येत नव्हतं अशा देखण्या मुलीला पुढं. ‘समोरून बरं दिसतं,’ मीच म्हणाले. मला कुणी सांगितलं नव्हतं, दबाव नव्हता, क्लास माझा होता. ती मुलगी दिवाळीनंतर आलीच नाही. तिच्या वडिलांनी फीचे उरलेले पैसेही मागितले नाहीत. म्हणजे हे फक्त पुरुषांचं दुखणं आहे, असं मी म्हणूच शकत नाही.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात बोचलेली ओळ सासूबाईंची आहे. कौतुक खोटं नाही त्यांचं. पण ते कसं, तर माहेरून आलेल्या चांदीच्या तांब्यासारखं, पाहुणे आले की काढायचं, पुसून परत ठेवायचं. माझ्या विद्यार्थिनींच्या लग्नाच्या बायोडेटात मी नेहमी बघते : छंद – गायन, रांगोळी, वाचन. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा दिलेल्या मुलीचं गाणं रांगोळीच्या शेजारी! सात वर्षं तबला शिकलेल्या मुलाला मात्र लोक ‘कलाकार’ म्हणतात.

मी स्वतः 1979 पासून मिरजेत घरगुती बैठकींत गात होते. सत्यनारायण, डोहाळजेवण, कुणाची साठी. गाणं संपलं की तबलजीच्या आणि पेटीवाल्याच्या हातात पाकीट जायचं आणि मला आतल्या खोलीत बोलवायचे, ‘बाईंची ओटी भरा.’ खण, नारळ, मूठभर तांदूळ. पुढच्या चौकात रिक्षाला पैसे माझेच. अकरा वर्षं मी हे केलं. ट्रंकेत खणांचा ढीग झाला, त्यातले निम्मे माझ्या मापाला पुरायचेही नाहीत. शेवटी एकदा धीर करून मानधन विचारलं, तर यजमानीणबाई ओशाळल्या, ‘घरच्या बाईला पैसे कसे द्यायचे हो?’ निमंत्रणपत्रिकेत माझं नाव ‘सौ.’ लावून, तबलजीच्या मागे ‘पं.’, वय वर्षं सव्वीस. गंगूबाई एकदा म्हणाल्या होत्या की मुसलमान गवई झाला की उस्ताद, हिंदू झाला की पंडित, पण केसरबाई, मोगूबाई मात्र बाईच राहिल्या. तुम्हीही मला बाईच म्हणता. गाण्याच्या बाई म्हणून मला ते आवडतं, पण त्या वाक्यातली मेख कळते.

एक गोष्ट तुमच्या घरी मुद्दाम सांगा. शंभर वर्षांपूर्वी घरंदाज बाईनं देवघरापलीकडे गायचं नाही, अशी रीत होती. आणि गाणाऱ्या कलावंतिणींच्या बैठकीत पुरुष पैसे उधळायचे तेव्हा ते ख्यालाचे की बाईच्या अंगाचे, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. हिराबाई बडोदेकरांनी 1920च्या दशकात तिकीट लावून जाहीर मैफली सुरू केल्या. थिएटर, खुर्च्या, तिकीट. ऐकणाऱ्यानं पैसे दारात मोजायचे, बाईसमोर नाही. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची ही लेक, म्हणून इथं आम्ही हे जरा अभिमानानंच सांगतो. त्या तिकिटाची किंमत मला खण-नारळाच्या अकरा वर्षांनंतर कळली.

तेव्हा मंडळाला फोन करा आणि मानधन विचारा. पाचशे म्हणाले तरी चालेल, पण तबलजीला देतील तेवढंच आणि सगळ्यांसमोर, पाकिटात. यजमानांकडे परवानगी मागू नका, तारीख सांगा. ते कुरकुरतील. सोळा वर्षं सोबत राहिलेल्या माणसाशी कसं बोलायचं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. सासूबाईंना मात्र पहिल्या रांगेत बसवा. कौतुक आहे ना, मग चारचौघांत ऐकू दे.

साथीला दीरच घ्या. घरात बसून रियाज करता येईल, चहा कुणी करायचा ते आपसांत ठरवा. फक्त त्यांच्याकडे कुठल्या सुराचा तबला आहे ते आजच विचारा. पुरुष गायकांना साथ करणाऱ्यांकडे बहुतेक काळी एकचा असतो. तुम्ही काळी चार घेतलीत तर तो तुमच्या मध्यमाला, ‘म’ला, लागेल. बागेश्री राग गाणार असाल तर तेवढ्यावर भागतं, त्यात शुद्ध मध्यम आहे. यमन धरणार असाल तर त्यात मध्यम तीव्र, शुद्ध मध्यमाचा तबला चालायचा नाही, षड्जाचाच तबला लागेल आणि तो त्यांना आणावा लागेल. आत्ताच सांगून ठेवा, तबल्याला पुडी, म्हणजे वरचं कातडं, चढवून मिळायला वेळ लागतो.