संगणकाचा दवाखाना : गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह, जावयाचं फोटोशॉप

प्रश्न : फलटणला माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. गिऱ्हाइकाने पेन ड्राइव्ह लावला की आतल्या सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट होतात. "रोग तुमच्याकडूनच लागला" म्हणून भांडणं होतात. मशीन विंडोज ७ आहे, पेजमेकर त्यावरच चालतं. – एक दुकानदार

उत्तर : दादा, गिऱ्हाईक खरं बोलतंय. वाईट वाटून घेऊ नका. २०१३ साली कराडच्या माझ्याच दुकानातून हा रोग एका दिवसात चार जणांकडे गेला, आणि वर मीच त्यांना सुनावलं होतं.

फायली उडालेल्या नसतात. हा किडा मूळ फोल्डर 'हिडन' आणि 'सिस्टिम' अशा दोन्ही खुणा लावून दडवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट पुढे उभा करतो. त्यावर डबल क्लिक केलं की गुपचूप त्याची स्क्रिप्ट चालते आणि आपला फोल्डरही उघडतो. काम झालं म्हटल्यावर शंका कोण घेणार? तोवर तो विंडोजच्या स्टार्टअपमध्ये जाऊन बसतो आणि पुढे येईल त्या प्रत्येक पेन ड्राइव्हला प्रसाद देतो. व्हायरस दुसऱ्या फाइलच्या पाठीवर बसून फिरतो. याला पाठ लागत नाही, स्वतःच्या प्रती स्वतःच काढतो, म्हणून हा वर्म. (नाव इंग्रजी, पण आपल्या वर्मावर बरोबर बोट ठेवतो.)

आधी मशीन साफ करा, मग पेन ड्राइव्ह. लोक नेमकं उलटं करतात आणि संध्याकाळी परत येतात. दुसऱ्या चांगल्या मशीनवर अँटिव्हायरसची रेस्क्यू डिस्क (विंडोज सुरू न करता तपासणी करणारी डिस्क) बनवा, तिच्यावरून बूट करून पूर्ण स्कॅन करा. मग फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या आणि सिस्टिमच्या फायली दिसू द्या. मूळ फोल्डर फिकट दिसतील. काही वेळा सगळा माल नाव नसलेल्या एका फोल्डरात कोंबलेला सापडतो. तो काढून घ्या आणि पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा.

विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी थांबवले. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वर्म आला तेव्हा त्याला कुणाच्या क्लिकचीही गरज नव्हती, नेटवर्कवरून तो आपोआप पसरला. त्याचं औषध, म्हणजे अपडेट, मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिलं होतं. ज्यांनी ते घातलं नव्हतं त्या विंडोज ७ च्या मशीनना सर्वांत जास्त फटका बसला. तेव्हा पेजमेकरचं मशीन ठेवा, पण नेटची वायर काढून. मी एका जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स टाकलंय. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह आधी त्यात जातो, तिथून मी फक्त पीडीएफ उचलतो.

प्रश्न : जावयांनी फुकटातलं फोटोशॉप टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या फोटोंच्या नावांना चार अनोळखी अक्षरं चिकटली, एकही उघडत नाही. सोबत चिठ्ठी : ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मे. द्यावेत का? – निवृत्त शिक्षिका, मिरज

उत्तर : देऊ नका, बाई. पैसे घेऊन फोटोंच्या कुलपाची किल्ली न देणारेही असतात.

चिठ्ठीच्या मजकुरावरून हे स्टॉप-डीजेव्हीयू घराण्यातलं रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, दिसतंय. ते 'क्रॅक'च्या, म्हणजे परवाना तोडून फुकट वाटलेल्या सॉफ्टवेअरच्या, पोटात बसूनच येतं. फोटोशॉप म्हणून आत घ्यायचं आणि निघतं भलतंच, याला ट्रोजन म्हणतात. चिठ्ठीतल्या आयडीची शेवटची दोन अक्षरं बघा. 'टी१' (t1) असतील तर आशा आहे : त्याला त्याच्या सर्व्हरशी बोलता आलं नाही आणि त्याने सोबत आणलेली, अनेकांसाठी एकच असलेली किल्ली वापरली. अशा काही किल्ल्या तज्ज्ञांच्या हाती लागल्या आहेत. युरोपोल आणि डच पोलिसांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर फुकट सोडवणूक मिळते का ते पाहा. आज नाही मिळाली तरी कुलूपबंद फोटो एका डिस्कवर जपून ठेवा. किल्ली पुढेही सापडू शकते. हा चोर घाईत असतो, मोठ्या फाइलचा सुरुवातीचा साधारण १५० केबीच भाग बिघडवतो. त्यामुळे नातवाच्या बारशाचा व्हिडिओ फोटोंपेक्षा लवकर हाती लागण्याची शक्यता जास्त.

अजून एक, जे चिठ्ठीत लिहिलेलं नसतं. याच पाहुण्याबरोबर अनेकदा पासवर्ड चोरणारा जोडीदारही येतो. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला, पण दुसऱ्या मशीनवरून. जावयांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

प्रश्न : स्क्रीनच्या कोपऱ्यात सतत 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस' असं येतं. तीन अँटिव्हायरस टाकले, तरी थांबत नाही. – विद्यार्थी, कुडाळ

उत्तर : एकही व्हायरस नसावा. सिनेमा उतरवताना कुठेतरी 'अलाऊ' दाबलं असशील, त्या साइटच्या जाहिराती आहेत. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशन्स उघड, अनोळखी साइट काढून टाक. आणि तीनपैकी दोन अँटिव्हायरस आजच काढ, ते एकमेकांनाच चोर समजून भांडत बसले असतील.