कोल्हापूरच्या उन्हाळ्यात जास्वंदीच्या कळ्या गळतात, पानं पिवळी पडतात. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की राजारामपुरीत तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर जास्वंदीच्या चार कुंड्या आहेत. मार्चपर्यंत रोज फुलं होती, आता एप्रिलमध्ये कळ्या न उमलताच गळतायत, आणि दोनदा खत घालूनही फरक नाही. पहिलं सांगते ते हे, की खत आजपासून बंद करा.

मी कळंब्याच्या बाजूला राहते. गच्चीवर जास्वंद लावून बारा-तेरा वर्षं झाली, आणि सुरुवातीच्या एका उन्हाळ्यात माझ्या झाडांची हीच गत झाली होती. गावाकडं आमचा ऊस, त्यामुळं घरात डीएपी खताचं पोतं असायचंच. मामा म्हणाले, मूठभर टाक, कळ्या धरतील. टाकलं. आठवड्याभरात पानांच्या कडा करपल्या आणि राहिलेल्या कळ्याही गेल्या. डीएपी म्हणजे १८:४६:०, म्हणजे १८ टक्के नत्र, ४६ टक्के स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) शून्य. त्यात स्फुरदच जास्त. जास्वंदीला स्फुरद थोडंच लागतं, आणि ते साठलं की तिला मातीतलं लोह नीट घेता येत नाही. उसाच्या सरीतली मूठ वेगळी आणि बारा इंची कुंडीतली मूठ वेगळी, हे मला तेव्हा समजलं नव्हतं.

खरं कारण मात्र कुंडी उपडी केल्यावर दिसलं. वरची दोन बोटं माती खडखडीत. मातीचा गोळा आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटलेला, आणि रोज घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खालच्या भोकातून निघून जात होतं. मी समजायची, खाली पाणी आलं म्हणजे झाड प्यालं. गोळ्याच्या मधोमध तर भुकटी होती. ज्या अंगाला दुपारचं ऊन लागायचं तिकडची मुळं तपकिरी झालेली, चिमटीत धरून ओढली की साल सुटून हातात यायची. सावलीच्या अंगाची मुळं पांढरी, तजेलदार. एकाच कुंडीत दोन तऱ्हा! त्या दिवसापासून मी पानांआधी मुळांचा विचार करते.

जास्वंद उष्ण प्रदेशातलीच, उन्हाला ती घाबरत नाही. मलेशियानं १९६० साली तिला राष्ट्रीय फूल केलं. पण तिथली उष्णता दमट, पाऊस बारा महिने. आपल्याकडं एप्रिलात वळीव पडेपर्यंत हवा कोरडी, आणि गच्चीचा स्लॅब संध्याकाळी सातलाही अनवाणी पाय ठेवू देत नाही. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत त्या स्लॅबवर मुळं अक्षरशः उकडतात. पाण्याची ओढ बसली की झाड आधी कळ्या टाकतं, मग खालची पानं.

म्हणून या आठवड्यात एवढं करा. प्रत्येक कुंडी घमेल्यात किंवा टबात अर्धा तास पाण्यात ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग निथळू द्या. कुंड्या दोन-दोन विटांवर उचलून ठेवा, म्हणजे खालून हवा खेळेल. कुंडीभोवती गोणपाट गुंडाळा, आणि चारही कुंड्या एकमेकींना खेटून अशा ठेवा की सकाळचं ऊन मिळेल, बारा ते चार सावली. मातीवर चार बोटं उसाचं पाचट पसरा. कोल्हापुरात त्यासाठी पैसे मोजायची गरज नाही, कुणीतरी शेतकरी ओळखीचा निघतोच. फक्त बुंध्याला चिकटू देऊ नका. पाणी सकाळी सातच्या आत घाला, एकदम ओतू नका. थोडं घालून पाच मिनिटांनी पुन्हा घाला. संध्याकाळी पाचट बाजूला सारून बोट खुपसून बघा, कोरडं लागलं तरच परत पाणी.

तरीही कळ्या गळत राहिल्या तर गळलेली पिवळी कळी नखानं उभी फोडून बघा. आत बारीक पांढुरक्या अळ्या असतील आणि त्या टुणकन उड्या मारत असतील, तर तो कळीतल्या माशीचा त्रास आहे. त्यावर फवारणीचा उपयोग कमी, कारण अळी कळीच्या आत बसलेली. गळलेल्या आणि पिवळ्या पडू लागलेल्या सगळ्या कळ्या रोज वेचून पिशवीत घट्ट बांधून टाका. मातीवर राहिल्या तर अळ्या मातीत कोष करतात आणि पुन्हा माशा होतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण तीन आठवडे नेमानं केलंत तर फरक दिसतो.

शेंड्याला कापसासारखं पांढरं दिसलं तर ती पिठ्या ढेकूण नावाची कीड. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुऊन काढा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून उन्हं उतरल्यावर फवारा. मुंग्यांचाही बंदोबस्त करा, त्याच त्याला सांभाळतात.

पानांचं म्हणाल, तर खालची जुनी पानं पिवळी म्हणजे पाण्याची गडबड. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. बोअरचं जड, क्षारांचं पाणी वापरणाऱ्यांकडं हे फार दिसतं. अशा वेळी चुलीची राख घालू नका, तिनं माती आणखी बिघडते. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल असं लोह, मिळतं, ते पाकिटावरच्या मापानं द्या.

नवीन फुटवा दिसला की मग खत. मी महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत देते आणि पंधरा दिवसांनी ०:०:५०, म्हणजे नुसत्या पालाशाचं खत, लिटरभर पाण्यात १ ग्रॅम. छाटणी मात्र मेमध्ये चुकूनही करू नका. जास्वंदीला फूल नव्या फुटव्यावर येतं, त्यामुळं छाटावी लागतेच, पण पहिले एक-दोन पाऊस पडून हवा गार झाली की. छाटलेल्या फांद्या तेव्हाच मातीत खोचा, सहज जगतात. साधी तांबडी पाच पाकळ्यांची जात असेल तर नक्कीच. मोठ्या फुलांच्या कलमी जाती नाजूक असतात.

आणि कुंड्यांखाली ताटल्या ठेवल्या असतील तर जून उजाडायच्या आत काढून टाका. आपल्या पावसात त्या चार महिने भरलेल्याच राहतात आणि उन्हाळ्यात वाचवलेली मुळं तिथं कुजतात.